गावानं झील धरली

नाटक म्हणावं तर समोर बघायला कोणी नाही, आणि जत्रा म्हणावी तर देव नाही. टाकव्याच्या बाजीरावानं धरणाकाठची आपली पडीक जमीन पुण्याच्या पोरापोरींना दोन दिवस वापरायला दिली खरी, पण ही मंडळी तिथं नेमकं करणार काय, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. लुगडी-धोतरं नेसून वीसेक जण आले, चार बांबू रोवले आणि म्हणाले, हे आमचं गाव.

"याला लार्प म्हणतात, आबा," रेणुका म्हणाली. ही त्यांची पुढारी. लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला होती आणि सुट्टीत असले उद्योग करायची. "ज्यानं त्यानं एकेक माणूस व्हायचं आणि दिवसभर त्याच्यासारखं जगायचं. लिहिलेलं काही नसतं."

"मंग फुडं काय व्हनार ते कोन ठरवतं?"

"गाणं."

नियम असा होता. ज्याला सुचेल त्यानं तिथल्या तिथं ओळ रचून गायची. दोघाचौघांनी ती उचलून झील धरली, की ती गोष्ट त्या गावात खरी झाली. मग सगळ्यांनी ती खरी धरूनच वागायचं. कोणीच झील धरली नाही, तर ओळ वाऱ्यावर गेली.

आता झील म्हणजे काय हे बाजीरावाला शिकवायला नको होतं. भजनी मंडळात पुढं तो आणि मागं झील धरणारे, यात त्याचा उभा जन्म गेला होता. जागच्या जागी कडवं जुळवावं तर बाजीरावानं, आणि तसं चारचौघांत सांगावं तेही बाजीरावानंच. त्यामुळं पाटील होणारा गडी घाटात गाड्यांच्या रांगेत अडकल्याचा फोन आला, आणि रेणुकेनं नुसतं "आबा, तुम्ही?" म्हणायचा अवकाश, आबा फेटा बांधून तयार. त्याची बायको लीलाबाई मंडळींच्या जेवणाच्या भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग."

पण रंगला बुवा गडी. दगड मांडून केलेल्या खोट्या विहिरीपाशी उभा राहून त्यानं सूर लावला:

"आटल्या विहिरीला पाझर फुटला गं,
घागरी भरा बायांनो, दुष्काळ हटला गं!"

पोरींनी खणखणीत झील धरली. मग रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन त्या वाकून चालायला लागल्या. एकीच्या पायावर पाणी सांडलं तशी ती दचकून मागं सरली. पाण्याचा टिपूस नव्हता, पण बाजीराव हरखून गेला. इतकी वर्षं गायला, पण त्याच्या गाण्यानं कधी विहीर भरली नव्हती.

प्रेरणा नावाची पुण्याची पोरगी पाटलाची लेक झाली होती. सकाळपासून "बाबा, बाबा" करत त्याच्या मागंमागं होती. उन्हं चढल्यावर ती मधोमध येऊन उभी राहिली आणि गायला लागली. आवाज बारीक होता, पण सुरात होता:

"नदीपल्याड नावाडी, त्याची झाले मी,
वाट नका बघू बाबा, निघाले आता मी."

मागून झील उठली. झालं, पाटलाची लेक नावाड्याची झाली. सगळ्यांनी बाजीरावाकडं पाहिलं. आता पाटील काय गातो?

बाजीरावासमोर भलतीच पोर उभी राहिली. त्याची स्वतःची लेक अनिता. सात-आठ वर्षांपूर्वी तिनं गावातल्याच बौद्ध वस्तीतल्या सुहासशी लग्न केलं होतं. पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, वराळ्याच्या कारखान्यात पगारावर. फक्त घर रस्त्याच्या पलीकडचं. लग्नानंतर दोघं वराळ्यातच राहायला गेली. बाजीरावानं देवळाच्या पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मला लेक न्हाई." त्यानंतर तिचं नाव त्याच्यासमोर कोणी काढलं नव्हतं.

पुढची ओळ त्याला जुळवावी लागली नाही. ती आपसूक तोंडात आली:

"पाळना कदी हलला न्हाई माज्या घरात,
लेक कुनाची सांगता, उबी कोन दारात?"

अशी कसदार ओळ दिवसभरात कोणी गायली नव्हती. वीसच्या वीस जणांनी झील धरली. एकदा, दोनदा, तीनदा. बाजीरावाला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग सगळे कामाला लागले, आणि प्रेरणा कोणाला दिसेनाशी झाली.

ती विहिरीवर गेली. बायका बोलत होत्या, बोलत राहिल्या. तिनं एकीचा हात धरला, त्या बाईनं पदर सावरावा तसा तो सोडवून घेतला. तिच्या जागेवर दुसरीनं बसकण मारली. गूळ-शेंगदाण्याचं ताट फिरलं ते तिच्या नाकासमोरून पुढं गेलं. सकाळी जी तिची वेणी घालत होती, ती तिच्या आरपार धरणाकडं बघत उभी होती. प्रेरणा बाजीरावासमोर आली आणि हळूच म्हणाली, "बाबा." तिचे डोळे भरले होते. खेळातलं पाणी की खरं, कोण जाणे.

असं असतं हे? आपण चार शब्द बोललो आणि गाव गप्प बसलं, एवढंच त्याला माहीत होतं. गाव आपला मान राखतंय, असं तो समजून चालला होता. भावकीतल्या लग्नाच्या पत्रिका अनिताला जायच्या बंद झाल्या होत्या. जत्रेत ती एकदा लांब उभी होती म्हणे, आणि तिच्या चुलत्या तिच्या अंगावरून पालखीकडं गेल्या होत्या. पारावरची ती कुजबुज कानावर आली, तेव्हा बाजीराव तंबाखू मळत राहिला होता. आता त्याला ती उभी असलेली दिसली.

"थांबवा की वो ह्ये!" तो रेणुकेवर ओरडला. "पोर रडतीया!"

"आबा, खेळ आहे तो," रेणुका गोंधळून म्हणाली. "आणि ओळ तर तुमचीच होती."

तेवढ्यात चुलीकडून लीलाबाई आली. हातात भाकरी, तीवर पिठल्याचा गोळा. ती सरळ प्रेरणासमोर गेली. "धर गं बाय. मगाधरनं उनात उबी हायेस."

"मावशी," कोणीतरी कुजबुजलं, "ती गावात नाहीये आता."

"मला दिसती की," लीलाबाई म्हणाली आणि परत चुलीकडं वळली.

बाजीराव तिच्या मागोमाग गेला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. लीलाबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली होती.

"तू झील धरली न्हाईस," तो म्हणाला.

"तवाबी न्हवती धरली."

"कवा?"

तिनं वर पाहिलं नाही. "तळेगावच्या बाजारला जाते म्हनते ती कुटं जाते, वाटलं तुमाला? दोन जुड्या मेथी आनाया दिस मोडतो व्हय?"

बाजीराव चुलीपाशी खाली बसला. इतकी वर्षं! हीच बाई संध्याकाळी पिशवी घेऊन यायची, त्याच्यापुढं चहा ठेवायची. त्याला रागही येईना. राग यायला जागाच उरली नव्हती.

"अनिता... बरी हाय?"

"बरी हाय. पोरगं शाळंत जातंय."

"पोरगं?" तो म्हणाला. "मला नातू हाय? आनि कुनी सांगितलं न्हाई मला?"

"सांगायचं कसं? ज्याला लेकच न्हाई, त्याला नातू कुटनं आला?"

त्यानं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. मग घाबरत घाबरत विचारलं, "माजं नाव काडतं का त्ये?"

लीलाबाईचा थापता हात थांबला. "लहान हुतं तवा इचारायचं, आजा कुटाय म्हनून. आता न्हाई इचारत."

बाजीराव उठला. धडपडतच बांबूंच्या गावात शिरला. प्रेरणा बांधावर बसून भाकरी खात होती. तिच्यासमोर उभा राहून त्यानं तोंड उघडलं. मावळात नावाजलेला तो गळा, त्यातून फाटका आवाज बाहेर पडला:

"माजीच हाय गं लेक, अनिता तिचं नाव..."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्या गावात अनिता नावाचं कोणी नव्हतंच. झील कोणी धरावी? ओळ तशीच लोंबकळत राहिली. त्यानं ती पुन्हा म्हटली, आणि मान वळवून चुलीकडं पाहिलं. लीलाबाई पदराला हात पुसत उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ मिटलेले होते.

"अगं, तू तरी धर!" तो म्हणाला.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "हितं म्हनून काय उपेग? तिच्या दारात जाऊन म्हना. मंग धरते."

बाजीरावानं फेटा सोडला. वराळ्यात आता जिकडंतिकडं इमारती उठल्या आहेत, आणि त्यातलं आपल्या लेकीचं दार कोणतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.