सिमेंटातला अंगठा

"कुठल्या शहाण्यानं इथं सिमेंट थापलंय कुणास ठाऊक!" दुरुस्तीच्या कामावर आलेल्या हिलरीनं जुन्या जलमनोऱ्याच्या विटेवर बोट घासलं, तशी वीट भुरभुरत खाली आली.

बाकावरचे सिरिल चहाचा थर्मास ठेवून उठले.

"तो शहाणा मीच, पोरी."

हिलरी ओशाळली. पंच्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याला ती रोज इथं बघत होती, पण तो इथलाच जुना गवंडी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"जुन्या विटेला चुनाच लागतो, आजोबा. सिमेंट ओल कोंडतं, मग वीट फुटते. सगळं काढावं लागेल."

"आम्हाला वाटलं, पक्कं काम करतोय."

त्यांनी मान वर केली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कारागिरांनी टाकीभोवती कमानींच्या डौलदार खिडक्या काढल्या होत्या. आत पाणीच, बाहेर बघणार कोण? म्हणून सगळ्या बुजवलेल्या, नुसत्या शोभेच्या.

"तिसऱ्या खिडकीखाली मला एकदा नेशील?"

हिलरीनं त्यांना परांचीच्या पाळण्यातून वर नेलं. खिडकीच्या उंबऱ्याला सिमेंटचं ठिगळ होतं आणि त्यात अंगठ्याचा ठसा. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात सिरिलची बायको मेव्हिस जेवणाचा डबा घेऊन परांचीवर चढली होती. नवऱ्याचं ओलं काम बघून तिला राहवलं नाही, तिनं त्यात अंगठा दाबला. "आता मी मेले तरी इथंच," म्हणून ती हसली होती. गेल्या नोव्हेंबरात ती गेली.

"एवढं ठेवते मी," हिलरी हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

सिरिलनी ठशात आपला अंगठा घातला. तो मावला नाही. मग त्यांनी ठिगळाखालची वीट चाचपली. ती ओली होती, मऊ पडली होती.

"काढ," ते म्हणाले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ठिगळ अखंड निघालं नाही. छिन्नीच्या दुसऱ्याच घावाला ठशाचे चार तुकडे झाले.

हिलरीनं तिथं चुना भरला. "आठवडाभर ओला ठेवावा लागेल. उन्हानं तडकतो."

"कुणी ठेवायचा?"

"मीच. दुसरं कोण?"

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा सिरिल पाळण्यापाशी आधीच उभे होते. वर गेल्यावर त्यांनी थर्मासमधलं थंड पाणी गोणपाटावर ओतलं, ते पिळलं आणि चुन्यावर अलगद पसरून कडा दाबल्या. मेव्हिसच्या शेवटच्या तापात कपाळावर पट्टी ठेवायचे, तसंच.

"उद्या किती वाजता येतेस?" त्यांनी विचारलं.