हॉयटच्या अंगठ्याखालचे घड्याळ

मित्रांनो, माझे वय विचारू नका. माझ्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवरून काय तो अंदाज करा. मी एक स्टॉपवॉच आहे, धाव मोजणारे घड्याळ. मला वार कळत नाही, तारीख कळत नाही. कुणीतरी बटण दाबले आणि कुणीतरी पुन्हा दाबले, एवढेच मला कळते. मधल्या वेळाला लोक सत्य म्हणतात. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो.

कारखान्यातून निघून मी मिसिसिपीतल्या एका खेळसामानाच्या दुकानात येऊन पडलो. तिथून मला हॉयट पर्सलीने उचलले. हॉयट हा एका मोठ्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पारखी; या खेळात चेंडू हाताने फेकतात. दर वसंतात मोठे संघ कॉलेजातली पोरे निवडून घेतात. कोणते पोर घ्यावे हे सांगण्यासाठी हॉयटसारखी माणसे वर्षभर गाडी हाकत गावोगावची मैदाने पालथी घालतात. त्याच्या गळ्यात मी, मांडीवर उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी आणि शेजारच्या सीटवर वही, असा आमचा एकवीस वर्षांचा संसार. शेंगांचे खारट पाणी त्याच्या अंगठ्याला लागलेले असे आणि तोच अंगठा माझ्या बटणावर येई. बटण त्यामुळेच घट्ट झाले, पण मी कधी कुरकुर केली नाही.

हॉयट मला दोन कामांना वापरी. चाळीस यार्डांची धाव तर सगळेच पारखी मोजतात. दुसरे काम फारसे कुणी करत नसे. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की हॉयट बटण दाबायचा आणि चेंडू हातातून सुटला की पुन्हा दाबायचा. क्वार्टरबॅक म्हणजे सगळा डाव चालवणारा गडी. चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने अडीच सेकंदांत ठरवायचे असते. तीन सेकंद उलटले की समोरची धिप्पाड माणसे येऊन त्याला जमिनीवर आपटतात.

"पाय देव देतो," हॉयट म्हणायचा, "हे अडीच सेकंद मात्र कुणीतरी शिकवावे लागतात."

अशातच एका लहानशा कॉलेजात आम्हाला जॅव्होरिस टिलरी भेटला. उंची सहा फूट चार इंच. तो पळू लागला की मागचे गडी पाठलाग सोडून बघत उभे राहत. चेंडू साठ यार्ड फेकी, आणि कधीकधी तो आपल्याच माणसाला मिळे! त्याला कुणी धड शिकवलेच नव्हते. अंगातल्या रगेवर सगळे निभावून जात होते. हॉयटने तीन दिवस त्याचा सराव पाहिला. मी मोजत होतो: तीन पूर्णांक चार, तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक सहा.

तिसऱ्या दिवशी हॉयटने त्याला कुंपणापाशी बोलावले. "पोरा, ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तो पहिला गडी अडला, तर दुसरा कुठं असतो?"

"खरं सांगू, सर? पहिला अडला की मी सरळ पळ काढतो."

"आणि पळायला जागाच नसली तर?"

"अजून तशी वेळ आली नाही, सर."

"येईल. तेव्हा असे दात काढून हसणार नाहीस." हॉयटने त्याच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. "शिकशील का?"

"कुणी शिकवलं तर मरेपर्यंत शिकेन, सर."

त्या दिवशी हॉयटने वहीत लिहिले, "कच्चा आहे. दोन वर्षे बाकावर बसवा, चांगला शिक्षक द्या. मग हा पोरगा सोने आहे." एकवीस वर्षांत त्याने लिहिलेले हे सर्वांत खरे वाक्य.

मग पारख्यांसमोर धावून दाखवायच्या परीक्षेचा दिवस आला. चाळीस यार्डांच्या शेवटाला तीसेक पारखी रांगेने उभे राहिले, प्रत्येकाचा अंगठा बटणावर. टिलरी धावला. माझ्यावर आकडा आला चार पूर्णांक अडतीस. आता या लोकांचा रिवाज असा, की धाव संपली की जो तो आपले घड्याळ शेजाऱ्याला दाखवतो. कुणाकडे सेहेचाळीस होते, कुणाकडे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या संघाचा गस नावाचा काटकुळा पारखी माझ्याकडे पाहून खो खो हसत सुटला.

"हॉयट, अंगठ्याला चष्मा लाव लेका! पोरगं अर्ध्या वाटेत पोचल्यावर बटण दाबतोस तू."

सगळे हसले. हसण्यासारखेच होते. मी त्या अंगठ्याखाली होतो, मला ठाऊक आहे. पोराने पाय उचलला आणि मग कुठे म्हातारा अंगठा जागा झाला. उशिरा सुरू केलेले घड्याळ कमीच वेळ दाखवणार. हॉयटलाही हे कळत होते. एरवी तो चारचौघांचे आकडे विचारून मधला आकडा लिहायचा. त्या दिवशी त्याने अडतीस लिहिले आणि त्याभोवती गोल काढला.

का, ते सांगतो. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने सुचवलेला एकही गडी निवडीच्या पहिल्या, सर्वांत मानाच्या फेरीत घेतला गेला नव्हता. संघाची निवड करणारे ब्रॅनिगनसाहेब त्याला सगळ्यांसमोर "आमचे शेंगावाले" म्हणत. एकदा तरी आपला शब्द चालावा, एवढीच त्याची भूक होती.

निवडीच्या बैठकीत ब्रॅनिगन घाईत होते. "हं, बोला शेंगावाले. एका वाक्यात सांगा."

हॉयटने मला उंच धरले. "तीस वर्षांत इतका वेगवान क्वार्टरबॅक मी पाहिला नाही. चार अडतीस."

टेबलाभोवती शिट्ट्या वाजल्या. ब्रॅनिगनने उठून हॉयटची पाठ थोपटली. मी दुसऱ्या वाक्याची वाट पाहत होतो. ते त्याच्या वहीत होते, जिभेवरही आले असेल. त्याने वही मिटली.

टिलरी पहिल्याच फेरीत निवडला गेला. ब्रॅनिगनने मला वार्ताहरांपुढे नाचवले, "हेच ते घड्याळ!" माझे फोटो निघाले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव सत्कार, आणि तोही एका चुकलेल्या आकड्याचा. एवढा वेगवान गडी बाकावर कोण बसवतो? पहिल्याच रविवारी त्याला मैदानात उतरवले. हॉयट वर प्रेक्षकांत बसून सवयीने माझे बटण दाबत होता. तीन पूर्णांक चार, आणि पोरगा जमिनीवर. तीन पूर्णांक पाच, पुन्हा जमिनीवर. दहाव्या सामन्यात त्याचा उजवा गुडघा गेला. दुसऱ्या वर्षी तोच गुडघा पुन्हा गेला. तिसऱ्या वर्षी संघाने त्याला सोडले. "पाय होते, डोकं नव्हतं," असे ब्रॅनिगन वर्तमानपत्रांना म्हणाले. मला तेव्हा बोलता आले असते तर!

हॉयट निवृत्त झाल्यावर एका दुपारी टिलरी लंगडत त्याच्या ओसरीवर आला.

"सर, तुम्ही मला तीन दिवस पाहिलंत. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

हॉयटने आतून वही आणली आणि ते पान उघडून दिले. टिलरीने ते दोनदा वाचले.

"हे त्यांना सांगितलंत?"

"लिहिलं होतं पोरा."

"लिहिलेलं दिसतंय. सांगितलंत का?"

हॉयटने शेजारच्या पिशवीतली शेंग उचलून सोलायला घेतली. मला त्याची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि इतकी कीवही.

"मी चार अडतीस कधीच पळालो नव्हतो, सर," टिलरी म्हणाला. "मला वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, त्यांना ठाऊक असेलच."

हॉयटने मला गळ्यातून काढून त्याच्यापुढे धरले. टिलरीने मला घेतले, पण त्याचे आभार मानले नाहीत.

आता तो एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो. मी त्याच्या गाडीच्या कप्प्यात, फुटक्या शिट्ट्यांच्या सोबतीला पडून असतो. माझी बॅटरी कधीच संपली. त्याने ती बदलली नाही आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. मित्रांनो, मला जपा, पुसा, असे मी म्हणणार नाही. कुणी आकडा दाखवला तर बटणावरचा अंगठा कुणाचा होता तेवढे विचारा. आणि एखाद्या पोराच्या भल्याचे वाक्य तुमच्या वहीत असेल, तर ते वेळेवर तोंडाने बोला. वहीतले वाक्य गुडघा वाचवत नाही.

मैदानावरून टिलरीचा आवाज इथपर्यंत येतो. पोराच्या हातात चेंडू आला की तो तोंडानेच मोजतो, "एक... दोन... टाक!"

तीनपर्यंत तो कधी मोजतच नाही.