मागच्या खोलीतली चूल

चूलबाईंनी भिंतीवर बोट घासलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. बोट काळं झालं नव्हतं. थोडा चुना, थोडी पुराची माती; काजळी मात्र औषधालासुद्धा नाही. त्यांनी टाचा उंचावून, हात पुरेल तिथपर्यंत, दुसरं बोट घासलं. तेही तसंच.

"काय म्हणते भिंत?" मागून तपासनिसांनी विचारलं.

चूलबाईंनी दोन्ही बोटं पदराआड नेली. "बघते अजून," त्या म्हणाल्या.

खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोली दहा पावलांची. गजांची वीतभर खिडकी आणि एकच दार. त्या दारात घरातला मोठा मुलगा उभा होता, त्याच्या खांद्याआड धाकटा, आणि धाकट्याच्या मागे निम्मी गल्ली. आत चूलबाई, तपासनीस, आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी असलेली धाकटी सून. हवा अशी कोंडली होती की श्वास घ्यायचा तर कुणालातरी बाजूला सरकवून घ्यावा लागला असता.

पूर ओसरून पाच आठवडे झाले होते. पूरग्रस्तांना रोख मदत देण्याचं या भागातलं सगळं काम चूलबाईंच्या हाताखाली चालायचं. घरटी एक कार्ड, माणशी ठरलेली रक्कम, सहा महिने. ऐकायला सोपं. पण 'घर' म्हणजे कोण, इथेच सगळं अडायचं. आडनाव एक, घराचा नंबर एक, आणि आत तीन भाऊ तीन दिशांना तोंडं करून बसलेले. म्हणून सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका पुरानंतर, बाईंनी स्वतःच्या हाताने नियम लिहिला होता: एका चुलीवर शिजवून एकत्र जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. पाणी चढलं त्याच्या आदल्या दिवशी जितक्या चुली, तितकी कार्डं. तेव्हापासून जिथे जातील तिथे त्या चुलीच विचारत सुटायच्या, आणि तेव्हापासूनच त्या चूलबाई झाल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी स्वयंपाक नवरा करायचा. आपली चूल कुठल्या कोपऱ्यात आहे हे तरी बाईंना ठाऊक आहे का, अशी ऑफिसात चेष्टा चालायची.

नव्या माणसांना शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माणसं खोटं बोलतील. पोट रिकामं असलं की तुम्हीआम्हीही बोलू. काजळी बोलत नाही." पैसे देणाऱ्यांच्या वतीने आलेल्या या तपासनिसांनी ते वाक्य डायरीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

आणि आता ती काजळी नव्हती. पुढच्या स्वयंपाकघरात होती, कशी नसेल! छातीएवढ्या पाण्याने खालची भिंत धुऊन नेली होती, पण त्याच्या वर पत्र्यापर्यंत भिंत डांबरासारखी काळी होती. इथे मागे मात्र पाण्याची रेघ, आणि रेघेच्या वर लख्ख पांढरा चुना.

एवढंच असतं तरी काहीतरी बोलता आलं असतं. पण बाईंची नजर कोपऱ्यात गेली. तिथे तीन विटा मांडलेल्या होत्या, मध्ये मूठभर राख. जमिनीवर पुराचा गाळ चार बोटं चढून वाळला होता, त्याला तडे गेले होते. विटा त्या गाळाच्या वर बसलेल्या होत्या. तडे थेट विटांच्या खाली गेलेले दिसत होते. जुनी चूल असती तर गाळात रुतली असती, निम्मी गाडली गेली असती. ही चूल पुरानंतरची होती. आठवड्याचीही नसेल.

अगं वेडे, बाई मनात म्हणाल्या, निदान खणून तरी बसवायची होतीस!

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी तपासनिसांच्या बुटांकडे बघत होती. बूट विटांपासून दोन पावलांवर होते.

कालच ती पूरग्रस्तांच्या छावणीतल्या चौकशीच्या टेबलाशी आली होती. रांग संपेपर्यंत थांबली, आणि मग उभ्याउभ्याच बोलली. नवऱ्याचा पगार दिरांच्या हातात जातो. साबण हवा तरी दिरांकडे मागायचा. मुलीला ताप आला तेव्हा रिक्षाचे पैसे उद्या बघू म्हणाले. आणि आता पुराचं निमित्त करून मुलीचं नाव शाळेतून काढलं, घरात हात हवेत म्हणून. मुलगी नऊ वर्षांची. "माझी बहीण आहे दुसऱ्या गावात. खोली देते म्हणते, शाळाही जवळ आहे. फक्त हातात काही नाही, मॅडम. कार्ड माझ्या नावावर आलं तर मी मुलीला घेऊन निघेन."

"चूल वेगळी होती का?" बाईंनी विचारलं होतं. दुसरं काय विचारणार?

"होती," धाकटी म्हणाली होती, जरा जास्तच पटकन.

मोठ्याने अर्ज भरला होता नऊ माणसांचा, एका चुलीचा. धाकटीचा अर्ज वेगळा. संगणकाने दोन्ही अडवले, आणि म्हणून आज ही वरात इथे आली होती. दुसरी चूल ठरली तर धाकटीला कार्ड. नाही ठरली तर तिचा आणि मुलीचा हिस्सा मोठ्याच्या कार्डावर, आणि ती पुन्हा याच घरात. फक्त आता ती पळायला निघाली होती हे सगळ्यांना माहीत असलेली.

बाईंना फार वाटत होतं की हिला कार्ड मिळावं. पण पळवाटा बुजवणाऱ्या त्याच होत्या. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या गवंड्याच्या बायकोला त्यांनी याच बोटाने नाही म्हटलं होतं. ती बाई रडलीही नव्हती, नुसती हो हो म्हणाली होती.

"मॅडम, कशाला त्रास घेताय?" मोठा म्हणाला. आवाज गोड, वागणं अदबीचं. "आमचं एकत्र कुटुंब आहे. एका पंगतीत जेवतो आम्ही, विचारा कुणालाही. हिच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. घरातली गोष्ट आहे, घरात बघून घेऊ."

'घरात बघून घेऊ' म्हटल्यावर धाकटीची पाठ भिंतीला आणखी चिकटली.

"मग चूल बघून घेऊ आणि निघू," तपासनीस म्हणाले आणि कोपऱ्याकडे वळले. बाई विटांच्या पुढे सरकल्या. पण त्यांची एवढीशी पावलं काय काय झाकणार?

"सरका रे! दारात काय तमाशा आहे?"

गर्दी हलली. मोठ्याच्या काखेखालून वाट काढत म्हातारी आत आली. दोघा भावांची आई, धाकटीची सासू. वाकलेली, हातात काठी. तिने पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, बाईंच्या पदराआडच्या बोटांकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. मग तपासनिसांना काठीने हलकेच बाजूला केलं, सरळ कोपऱ्यात गेली आणि त्या तीन विटांवर बसली. बसताना पदर चारी बाजूंनी नीट सोडला. थोडी राख उडाली.

"गुडघे गेलेत मेले," ती म्हणाली. "हं, विचारा काय विचारायचं ते."

तपासनिसांनी विचारलं, "आजी, धाकट्या सुनेची चूल वेगळी होती का? पूर यायच्या आधी?"

"होती तर. मीच वेगळी काढली तिला. दोन वर्षं झाली."

"आई!" मोठा म्हणाला.

"पण भिंतीला धूर नाही, आजी," तपासनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट जरा अवघडलेपणच होतं.

"कसा असेल? चूल दिली होती, लाकडं नव्हती दिली."

दारातल्या माना पुढे झाल्या.

"माझं पटत नव्हतं तिच्याशी," म्हातारी पुढे म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी. "म्हटलं, बस मागच्या खोलीत. ही तुझी चूल. आता पेटव कशी पेटवतेस ती. आमचं उरलंसुरलं उंबऱ्यावर ठेवायची मी. ती खायची. मुलगीही खायची."

बाहेर कुणीतरी बाई चुकचुकली. एवढ्या माणसांसमोर, ज्यांच्यात उरलेला जन्म काढायचा त्यांच्यासमोर, म्हातारी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेत होती.

"खोटं आहे हे!" मोठ्याचा गोडवा गेला. "आम्ही सगळे एकत्र जेवायचो. एका पंगतीत!"

"तू जेवायचास," म्हातारी म्हणाली. "आम्ही बायका तुझ्यानंतर. आत कोण काय खातंय, किती खातंय, खातंय की नाही, कधी मागे वळून बघितलंस? सांग की साहेबांना. काल रात्री मी काय जेवले?"

मोठ्याने आजूबाजूला पाहिलं, पण गल्लीतला एकही माणूस त्याच्याकडे बघायला तयार नव्हता. काहींना बहुधा स्वतःचीच पंगत आठवली असावी.

तपासनीस बाईंकडे वळले. "उरलेलं यांच्याच चुलीवरचं होतं ना, मॅडम? मग नियमाप्रमाणे कुटुंब एकच धरायचं?"

"नियमात 'एकत्र जेवणारी माणसं' असं आहे," चूलबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "मीच लिहिलाय तो. उंबऱ्यावरचं उरलेलं खाणं याला एकत्र जेवणं म्हणता येईल का, तुम्हीच सांगा."

तपासनिसांनी डायरी मिटली. "नाही म्हणता येणार," ते म्हणाले.

राहिला धाकटा. बाईंनी अर्ज उघडून त्याला विचारलं, "तुमचं नाव कुठे लिहायचं?"

धाकट्याने भावाच्या पाठीकडे पाहिलं, मग बायकोकडे. धाकटीने मान वर केली. सगळ्या वेळात पहिल्यांदाच. एक क्षण वाटलं, हा बोलणार.

"माझं... दादाबरोबरच असू दे," तो म्हणाला.

धाकटीने फक्त मान हलवली. बाईंनी आकडा लिहिला: दोन.

बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपले. गल्ली पांगत होती. धाकटी कधीच मुलीला घ्यायला छावणीकडे निघून गेली होती, जवळजवळ पळतच. बाई गाडीत बसणार तोच तपासनीस म्हणाले, "मॅडम, फोटो राहिला की."

चुलीच्या फोटोशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. ती अटही बाईंचीच.

"तुम्ही बसा. मी घेऊन येते," त्या म्हणाल्या आणि मोबाइल घट्ट धरून परत फिरल्या.

मोठा अंगणात पाठमोरा बसला होता. त्याने वळून पाहिलं नाही. मागच्या खोलीत म्हातारी तशीच होती, विटांवर, पदर चारी बाजूंनी सोडलेला.

"आजी, चुलीचा फोटो हवाय."

"काढ की."

"उठता का जरा?"

म्हातारीने दाराकडे पाहिलं. "तुमची गाडी हलल्याशिवाय नाही उठत मी," ती हळूच म्हणाली. आता 'साहेब' नव्हते की गल्ली नव्हती. बाईंशी ती सरळ लेकीशी बोलावं तशी बोलत होती. "पोरीने घाईघाईत मातीवरच मांडली बघ. कालपासून सांगणार होते तिला, पण एकटी सापडेल तर ना."

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तुमचं नाव मोठ्याच्या अर्जात आहे," त्या म्हणाल्या. "बदलायचं का? आत्ता बदलता येईल. त्या दोघी, तुम्ही तिसऱ्या. त्यांच्याबरोबर जाता येईल तुम्हाला."

म्हातारी बोटाने काठीची गाठ चाचपत राहिली. बाहेरून मोठ्याची हाक आली. "आई! आटप की आता! भूक लागलीय."

"तिला शोधायला कुणी जायचं नाही," म्हातारी म्हणाली. "मी गेले तर तो गाव पालथं घालेल. त्याला वाढणार कोण? मग त्या दोघीही सापडतील." तिने मान हलवली. "राहू दे मोठ्यातच."

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, मोबाइल वर धरला. मग त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"आजी, ते लाकडांचं तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात?" म्हातारीने पांढऱ्या भिंतीकडे हात केला. "खरंच नव्हती दिली. माझ्या सासूने, मला. याच खोलीत. तीन वर्षं. भिंत तेव्हाही अशीच होती. पण तेव्हा बोट लावून बघायला कुणी आलं नव्हतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चूलबाईंनी फोटो काढला. फोटोत पांढरी भिंत आली, पाण्याची रेघ आली, कोपऱ्यात बसलेली म्हातारी आली. चूल आली नाही. खालच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'दुसरी चूल प्रत्यक्ष पाहिली', खाली आपलं नाव घातलं आणि पाठवून दिलं. मग ड्रायव्हरला लवकर गाडी काढायला सांगायला त्या भराभर बाहेर गेल्या.