तुलनेचा नमुना

बोक्याचे नाव मुकादम. घरात कोणी काम करू लागले की तो पुढ्यात येऊन बसे, शेपटी पायांभोवती गुंडाळी आणि काम संपेपर्यंत हलत नसे. स्वतः मात्र काडीची मदत करीत नसे. नाव धाकटीने ठेवले होते, आणि ते इतके चपखल बसले की पशुवैद्यांच्या नोंदींतही तेच चढले.

मुकादम कामावर येईनासा झाला तेव्हा थोरलीने वही उघडली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. शहरभरच्या नळांचे पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर येई आणि त्यात जे असू नये ते किती आहे, हे ती एकवीस वर्षे सांगत आली होती. काळजी करण्यापेक्षा मोजणे बरे, असे तिचे मत होते. पहिल्या ओळीत तिने वजन लिहिले, चार किलो सहाशे ग्रॅम. आठवड्याने ते चार किलो तीनशे झाले. मग ओकाऱ्या, त्यांच्या वेळा. तिसऱ्या आठवड्यात एक नवा रकाना आखावा लागला, कारण बोका बसल्या बसल्या मान एका बाजूला झटकू लागला होता.

घरात तिघे होते. थोरली, वडील आणि धाकटी. धाकटीला सातवा महिना लागला होता. नवरा अर्ध्या वर्षासाठी परगावी कामाला गेल्यामुळे ती इथे राहायला आली होती. ती आली त्या दिवसापासून वडिलांच्या अंगात दहा हत्तींचे बळ संचारले. बाळाची खोली नवी करायची म्हणून मागच्या खोलीचे दार आणि खिडक्यांच्या चौकटी पार लाकडापर्यंत खरवडायचे काम त्यांनी हाती घेतले. इमारत जुनी होती. वर हिरवा रंग, त्याखाली निळा, त्याखाली पिवळट आणि सर्वांत खाली एक जाड पांढरा थर. प्रत्येक थर म्हणजे एक भाडेकरू, असे वडील म्हणत. पांढरा भाडेकरू भारी चिवट निघाला. धाकटीला केरसुणीला हात लावायची मनाई होती. संध्याकाळी कामावरून आल्यावर थोरली ती भुकटी झाडून काढी.

पशुवैद्य हा उंच, संथ बोलणारा माणूस. त्याने रक्त घेतले, मूत्रपिंड पाहिले, यकृत पाहिले, पोटाचे चित्र काढले. चार दिवसांनी त्याने कागद पुढे सरकवला आणि सगळे नॉर्मल असल्याचे, वाईट बातमी सांगावी तशा आवाजात सांगितले. रक्त किंचित कमी होते, एवढेच. थोरलीला त्या शब्दाने दिलासा मिळाला नाही. वजन उतरत असलेल्या जनावराचे सगळे आकडे जागेवर असतील, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की विचारलेले प्रश्न चुकीचे होते.

घरी वडिलांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. त्यांचेही पोट महिनाभर बिघडलेले होते; जेवण झाले की ते एक गोळी चघळत.

“माझं आणि मुकादमाचं एकदमच बिनसलंय,” ते म्हणाले. “एकाच दिवशी सुरू झालं बघ.”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला, बाबा,” थोरली म्हणाली. “तुम्ही पासष्टचे आहात. तो चारचा आहे.”

धाकटी हसली. “ताईसमोर पुराव्याशिवाय दुखायचीसुद्धा सोय नाही.”

पुढच्या भेटीत पशुवैद्याने विषबाधेचा विषय काढला. घरात उंदरांचे औषध, कीटकनाशक, कुठला धातू? थोरलीने पहिल्या दोहोंना नाही म्हटले आणि धातूंचे आपण स्वतःच पाहू, असे सांगून उरलेल्या रक्ताची नळी मागून घेतली. यंत्र तिच्या हाताखालचे होते. अडचण एकच होती. ते पाण्यासाठी जुळवलेले होते, आणि रक्त म्हणजे पाणी नव्हे. त्यावर येणारा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. अशा वेळी शास्त्र एक साधी वाट सांगते. तसाच दुसरा नमुना घ्यावा, निरोगी, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवावेत. निरोगी रक्त मिळवायला लांब जायची गरज नव्हती. कार्यालयाची वार्षिक वैद्यकीय तपासणी मागच्याच महिन्यात झाली होती आणि तिच्या अहवालात खोट काढायला जागा नव्हती. शेजारच्या विभागातल्या परिचारिकेकडून तिने दंडातून नळीभर रक्त काढून घेतले.

शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा. चारही धातूंत बोका आणि ती जवळपास सारखे निघाले. शिशाचे आकडे तर एकतीस आणि एकोणतीस; एवढी तफावत यंत्राच्या चुकीत बसते. वहीत तिने लिहिले, “फरक नाही,” आणि खाली रेघ मारली.

पशुवैद्याने तिच्या शब्दावर आपल्या यादीतील ती ओळ खोडली. इतक्या अनुभवी बाईंनी स्वतः पाहिल्यावर आपण काय पाहायचे, असे तो म्हणाला. पुढचे सतरा दिवस आतड्यांच्या औषधांत गेले. त्या सतरा दिवसांत वडिलांनी दार संपवून दोन खिडक्या हातावेगळ्या केल्या, आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात धाकटीचा पलंग हलवला गेला, कारण तिथे वारा चांगला येई.

अठराव्या दिवशी सकाळी मुकादम स्वयंपाकघरात आडवा झाला आणि त्याचे चारही पाय ताठ झाले. थोरलीने घड्याळ लावले. पन्नास सेकंद. त्यानंतर तो उठून पाण्याच्या भांड्याकडे गेला, जणू मध्ये काही घडलेच नव्हते.

या वेळी पशुवैद्याने नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला. अविश्वास नाही, पण त्यांच्या यादीत धातू आपोआप येतात, अशी पुस्तीही त्याने संकोचाने जोडली. मधल्या दिवसांत बोक्याला झटक्यांचे औषध सुरू झाले आणि तो थोडा सावरला.

सहा दिवसांनी दुपारी थोरली कामावर असताना पशुवैद्याचा फोन आला.

“मॅडम, शिसं आहे,” तो म्हणाला. “मर्यादेच्या कितीतरी वर. उपचार आजच सुरू करू, वाचू शकेल तो. पण मला एक कळत नाही. तुमच्याकडे नॉर्मल कसं आलं?”

थोरलीने वही काढली. एकतीस, एकोणतीस. कुणालाही पहिली शंका यंत्रावर आली असती. तिने सकाळचीच जुळवणी पाहिली. यंत्र चोख होते. हातातही चूक नव्हती, नळ्यांची अदलाबदल नव्हती. आकडे दोन्ही खरे होते. मुकादम तिच्याइतकाच निघाला होता, हे तिने बरोबर मोजले होते. तो निरोगी माणसाइतका निघाला, हे तिने मोजले नव्हते.

“नॉर्मल आलं नव्हतं,” ती म्हणाली. “सारखं आलं होतं.”

तिने परिचारिकेकडून तीन नळ्या मागून घेतल्या, तिलाच सोबत यायची विनंती केली आणि दोघी निघाल्या. वाटेत ती हिशेब करीत राहिली. आपण दिवसाचे नऊ तास घराबाहेर असतो. बाबा दिवसभर चौकटीला नाक लावून असतात. धाकटी चोवीस तास घरात. आणि शिसे गर्भाच्या वारेलाही जुमानत नाही, आईच्या रक्तातून सरळ बाळापर्यंत जाते, हे तिने स्वतः दोन वेळा प्रशिक्षणार्थींना शिकवले होते.

मागच्या खोलीत तिसरी खिडकी अर्धी पांढरी, अर्धी लाकडी झाली होती. वडील कानस चालवीत होते. धाकटी पलंगावर पाय पसरून मासिक वाचत होती. आणि दीड महिन्यानंतर आज प्रथमच मुकादम खिडकीखाली येऊन बसला होता, शेपटी पायांभोवती गुंडाळून.

“बघ ताई, साहेब कामावर रुजू झाले,” धाकटी म्हणाली.

मुकादमाने पुढचा पंजा उचलला. त्यावर पिठासारखी पांढरी भुकटी होती. तो ती सावकाश, बोटाबोटांतून, चाटू लागला.

“बाबा, कानस खाली ठेवा,” थोरली म्हणाली. तिने बोक्याला उचलून टॉवेलात गुंडाळले. “झाडू नका. काही झटकू नका. दोघेही बाहेरच्या खोलीत चला.”

जुन्या पांढऱ्या रंगातले शिसे भुकटीतून कसे पसरले आणि ते कुणाकुणात असू शकते, हे तिने उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितले. वडिलांनी आपले हात पाहिले. ते मनगटापर्यंत पांढरे होते. ते विजारीला पुसायला गेले आणि मध्येच थांबले.

“पण तू तर तुझ्या रक्ताशी ताडून पाहिलं होतंस ना?” धाकटीने विचारले. “तू ठीक होतीस.”

“मी ठीक आहे असं मी धरलं होतं.”

बाहेरच्या खोलीत परिचारिकेने टेबल पुसून नळ्या मांडल्या. थोरलीने चिठ्ठ्यांवर नावे लिहिली, पहिली धाकटीची. धाकटीने बाही वर केली, मान फिरवली नाही, सुई आत जाताना पाहत राहिली. नळी भरत आल्यावर तिने हलक्या आवाजात विचारले की या वेळी तुलना कुणाशी करणार.

“कुणाशीच नाही,” थोरली म्हणाली. “हे बाहेर जाईल. सहा दिवस लागतात.”