पोटुशीची पेंढी

"हा कचरा कावून पसरवून राहिला, देवाजी?"

जाळीबाहेरून जानराव साहेबांचा आवाज आला, तेव्हा देवाजी बारावी पेंढी कडुलिंबाखाली सोडत होता. कारखान्याच्या सुपेला वस्तीपलीकडच्या त्या हरणबागेत बारा चितळं होती, आणि त्यांना चारा घालायची देवाजीची रीत एकच. भंडाऱ्याकडच्या त्याच्या गावात लग्नाची पंगत मांडतात, तशी तो हिरव्या बरसीम गवताची एकेक पेंढी दूरदूर ठेवायचा आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचा, 'एक पेंढी थोरलीला, एक पेंढी धाकलीला, एक पेंढी पोटुशीला.' पोटुशी म्हणजे हिरा, मागच्या पायानं अधू. कळपातला मोठा शिंगाळ नर, जमीनदारी थाटामुळं देवाजी त्याला मालगुजार म्हणे, आधी सगळ्यांच्या पेंढ्यांवर धावून जायचा. पण बारा जागा एकटा राखणार कशा? दमून एका पेंढीशी मान घालायचा.

जानराव बागेच्या समितीचे सचिव. रविवारच्या पाहुण्यांना हरणं जवळून दिसावीत म्हणून समितीनं जाळीलगत सिमेंटची गव्हाण बांधली, फीत कापली. उद्यापासून सगळा चारा तिथंच, असं सांगून साहेब गेले.

दुसऱ्या सकाळी मालगुजार गव्हाणीवर उभा राहिला तो राहिलाच. पोट भरलं तरी हलेना. हिरा पुढं आली की शिंगं खाली. उन्हानं बरसीम गव्हाणीतच वाळत होती आणि चार हातांवर पोटुशी उपाशी उभी होती. देवाजीला राहवेना. त्यानं एक पेंढी हळूच गव्हाणीमागं टाकली. घाईत जवळच टाकली, तिथंच चुकलं. मालगुजार दोन उड्यांत आला आणि त्यानं हिराच्या कुशीत शिंग घातलं. देवाजी कितीतरी वेळ आपल्याच हाताकडं बघत राहिला.

तो ऑफिसात गेला. चपला दाराबाहेर काढून उभा राहिला.

"साहेब, चारा कमी नाही. एका जागी हाये म्हणून कमी पडून राहिला."

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "जनावरं आहेत रे ते. जो ताकदवान, तो खाईल. जंगलात असंच चालते."

"जंगलात गव्हाण कोन बांधते, साहेब?" देवाजीचा आवाज चढला नव्हता, पण कानशिलं तापली होती. "तिथं हिरा दुसरीकडं चरली असती. जाळी आपली, गव्हाण आपली. आन् दोष तिच्या ताकदीले?"

यावर साहेबांनी एवढंच सांगितलं, की पुन्हा जमिनीवर चारा दिसला तर उद्यापासून येऊ नको. घरी बायकोनं, भागीरथानं, हात जोडले. गावी आता कसायला वावर उरलं नव्हतं. देवाजी नऊ दिवस गप्प गव्हाणीतच चारा घालत राहिला. त्या गप्प राहण्याचा संताप त्याला पुढं जन्मभर पुरला.

दहाव्या सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तरी हिरा उठली नाही. पोटातलं पाडसही तिच्याबरोबर गेलं. डॉक्टर येऊन बघून गेले. साहेबांनी नोंदवही पुढं सरकवली. मृत्यूचं कारण आधीच लिहिलं होतं: जन्मतः अशक्त.

"सही कर."

देवाजीनं ते दोन शब्द सावकाश वाचले.

"हे खोडा. गव्हाण लिवा तिथं. मंग करतो."

तो वही तशीच ठेवून बाहेर आला. दिवसाचा चारा फाटकाशी येऊन पडला होता. त्यानं भारा खांद्यावर घेतला, गव्हाण ओलांडली आणि आत शिरला. एक पेंढी थोरलीला. एक पेंढी धाकलीला. मागून साहेब हाका मारत होते. मग हाका थांबल्या. मालगुजार इकडं धावला, तिकडं धावला, आणि शेवटी निमूट एका पेंढीशी खाऊ लागला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

सवयीनं पेंढ्या बाराच झाल्या होत्या. कडुलिंबाखालच्या बाराव्या पेंढीशी देवाजी मांडी घालून बसला, पंगतीत शेजारचं पान मोकळं असताना बसतात तसा. आणि कळपाचं खाणं होईपर्यंत उठला नाही.