बॉलकडे न बघणारा माणूस

पद्मजा सोमणचं एक मत लग्नाआधीपासून पक्कं होतं: फुकट कोणी काही देत नाही. अमेरिकेत आल्यावर तिनं त्यात एवढीच भर घातली, की इथली माणसं फुकट देताना हसतात आणि बिल मागाहून पोस्टानं येतं.

शहाऐंशी साली या मताला सॉकरनं भरपूर खाद्य पुरवलं. मुलगी मृणालिनी अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावच्या मुलींच्या क्लबात खेळायची. टीममध्ये तिला मिनी म्हणत, आणि टीममधली सगळ्यांत उंच मुलगी तीच होती. क्लबची फी वेगळी, रेफरीचे वेगळे, गावोगावच्या मोटेलचे वेगळे. वर निळं जॅकेट. ते ‘ऑप्शनल’ होतं, म्हणजे घेतलं नाही तर सगळ्या निळ्यांत आपली पोर एकटीच पिवळ्या स्वेटरमध्ये उभी राहणार. कोच सांगायचा, कॉलेजमध्ये खेळायचं तर कॉलेजच्या माणसाच्या नजरेत भरायला हवं. ती माणसं फक्त मोठ्या टूर्नामेंटना येतात, आणि टूर्नामेंटना क्लबशिवाय प्रवेश नाही. दुकानदारानंच सांगावं की चांगला माल याच दुकानात मिळतो, त्यातलाच हा प्रकार, असं पद्मजा म्हणायची.

त्यातच कॉम्प्युटरच्या चिपच्या धंद्यात मंदी आली. नवऱ्याच्या, उल्हासच्या फॅक्टरीनं इंजिनियरांना एक आड एक शुक्रवारी बिनपगारी घरी बसवायला सुरुवात केली. मग ठरलं: हा शेवटचा सीझन. डिसेंबरनंतर क्लब बंद. पुढे घरी राहून स्टेट युनिव्हर्सिटी, आणि सॉकर जमलं तर रविवारी पार्कात. मिनी फक्त ‘फाइन’ म्हणाली. त्या घरात ‘फाइन’ म्हणजे पुढचे दोन दिवस तिच्या खोलीचं दार बंद.

आणि त्याच सीझनला तो माणूस उगवला.

टोपी, काळा चष्मा, घडीचं स्टूल. शनिवारी भल्या सकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायचा. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, आणि मैदानावर त्याची म्हणावी अशी एकही पोरगी नाही. ज्याचं पोर खेळत नाही असा माणूस सुट्टीच्या दिवशी झोप मोडून इथे कशाला येईल? पद्मजानं दुसऱ्या शनिवारी त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघून ठेवली. हिरवी, डोंगरांची. म्हणजे कोलोरॅडो. परराज्यातला.

“अगं, सॉकरचा शौकीन असेल,” उल्हास म्हणाला.

“शौकीन माणूस बॉलकडे बघतो. हा बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी मिनीकडेच बघतो.”

त्या वर्षांत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो यायचे, आणि शाळेतून पालकांना पत्रकं यायची: अनोळखी माणसानं गाडीतून सोडतो म्हटलं तर मुलांनी काय करावं. पद्मजाला ती पाठ होती.

गाडीतून सोडण्याबद्दल तिचं आणखी एक दुखणं होतं. मागच्या वर्षी एकदा, एकदाच, डॉक्टरांची बायको सुलभा काळे हिनं मिनीला आपल्या नव्या व्हॅनमधून फिनिक्सला नेऊन आणलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात मोदक वाढता वाढता सुलभानं पंगतीभर सांगितलं, “मिनीला तर मीच नेते-आणते गं, तिच्या आईला कुठे जमतंय.” त्या दिवसापासून पद्मजानं ठरवलं होतं, कोणाची राइड म्हणून घ्यायची नाही. गाडीचा एसी चालत नसला तरी गाडी आपली होती.

टूसॉनच्या टूर्नामेंटला तो माणूस उठून सरळ तिच्याकडेच आला. उल्हास बर्फ आणायला गेला होता. उत्तरार्ध चालू होता. माणसानं टोपी काढली, मिनीची आई का म्हणून विचारलं, आपलं नाव हॅन्सन म्हणून सांगितलं, मुलगी कुठल्या इयत्तेत आहे, मार्क कसे आहेत, याची चौकशी केली. पद्मजानं मोजून मापून उत्तरं दिली. याला मार्कांशी काय करायचंय?

“मॅम, स्पष्टच बोलतो,” हॅन्सन म्हणाला. “मिनीला फुल राइड द्यायचा आमचा विचार आहे.”

राइड या शब्दाचा पद्मजाला एकच अर्थ माहीत होता, आणि तो सुलभानं कायमचा नासवून ठेवला होता. त्यात हा परका पुरुष. त्यात नुसती नव्हे, फुल.

“नो, थँक यू,” ती म्हणाली. “आमची गाडी आहे.”

तो हसला. ती हसत नाही हे बघून थांबला.

“पल्ला लांबचा आहे, मॅम. सगळा भार स्वतःवर घेणं जड जातं लोकांना.”

“तिचे वडील समर्थ आहेत.”

“मग दुसऱ्या एखाद्या स्कूलनं आधीच काही बोलणं केलंय का?”

“स्कूललासुद्धा आम्हीच सोडतो.”

हॅन्सननं तिच्याकडे जरा आदरानंच पाहिलं. इतकी घट्ट बाई त्याच्या धंद्यात त्याला भेटली नसावी. मन बदललं तर कळवा म्हणून त्यानं कार्ड पुढे केलं. पद्मजानं ते घेतलं. उद्या पोलिसांत जायची वेळ आली तर हाताशी असावं, म्हणून.

परतीच्या वाटेवर गाडीत तिनं सगळी हकिकत विजयानं सांगितली. मागच्या सीटवर मिनी पायांचे गार्ड सोडत होती, ती मध्येच थांबली.

“आई, व्हॉट एग्झॅक्टली डिड यू से?”

“सांगितलं, आमची गाडी आहे.”

“फुल राइड म्हणजे गाडी नाही, आई,” मिनी हळूहळू म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तशी. “फुल राइड म्हणजे सगळं. ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं. ते कॉलेज देतं, आणि स्कूल म्हणजे इथे कॉलेजच. आणि तू त्याला सांगितलंस, आमची गाडी आहे.”

उल्हासनं पेट्रोल भरायचं नसताना गाडी पंपावर घेतली आणि उभी केली.

“तुला ठाऊक होतं तो कोण ते?” पद्मजानं विचारलं.

“आमच्या कोचनं सांगितलं होतं. तो कोलोरॅडोच्या कॉलेजचा कोच आहे.”

“मग मला नाही सांगायचं?”

“तू त्याची चौकशी केली असतीस.”

हे इतकं खरं होतं की उल्हासला हसू आलं. बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं आणि गाडी सुरू केली.

“पण सगळं फुकट का?” पद्मजा म्हणाली.

मिनीनं वॉकमनचे हेडफोन कानांवर चढवले.

सोमवारी दुपारी, मिनी शाळेतून आल्यावर, पद्मजानं कोलोरॅडोला फोन लावला. रात्री लावला असता तर स्वस्त पडला असता. बाई दिवसाच्या रेटनं बोलतेय, यावरूनच कामावरून लवकर आलेल्या उल्हासनं काय ते ओळखलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आतल्या खोलीतल्या फोनवर मिनी होती.

पद्मजानं गैरसमज झाल्याचं सांगितलं. कसला ते सांगितलं नाही. हॅन्सन नम्रपणे ऐकत होता, आणि तसाच नम्रपणे म्हणाला, की तुमचा नकार मिळाला म्हणून रविवारी त्यानं टेक्ससच्या एका गोलकीपरशी बोलणी केली. निम्मे पैसे तिला गेले. आता हातात निम्मेच उरले आहेत. मिनी पहिल्या अकरांत आली, तर पुढच्या वर्षी एक जागा सुटते, तेव्हा पूर्ण करता येतील.

‘आमची गाडी आहे.’ तीन शब्द, आणि किंमत अर्धं कॉलेज. इतकं महाग वाक्य पद्मजा जन्मात बोलली नव्हती. आतल्या फोनवरून मिनीचा श्वास ऐकू येत होता.

रडायची वेळ होती, पण फोन चालू होता आणि मिनिटं पडत होती. तिनं विचारलं.

“पाय मोडला तर?”

पलीकडून काही आलं नाही. दिवसाचा रेट असूनही पद्मजानं ती शांतता स्वतःच्या खर्चानं चालू दिली.

“स्कॉलरशिप एकेका वर्षाची असते, मॅम,” हॅन्सन शेवटी म्हणाला. “दर उन्हाळ्यात नवा कागद. कॉलेजनं नाही म्हटलं तर नाही. लोक हे विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

“विचारलं नसतं तर?”

“बहुधा नसतं सांगितलं.”

त्या माणसाची पद्मजाला आवडलेली ही पहिली गोष्ट. तिनं त्याला सांगितलं, दुखापत झाली तरी पैसे काढून घेणार नाही असं लिहून द्या. तो म्हणाला, कॉलेजचं मी सांगू शकत नाही, पण मी कोच आहे तोवर माझा शब्द आहे. तसं पत्र पाठवतो. पद्मजाजवळ आणखी दोन प्रश्न तयार होते. पहिल्यासाठी तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या फोनवरून आवाज आला.

“आई, पुरे. मला तिथे जायचंय.”

पद्मजानं दोन्ही प्रश्न तसेच ठेवले आणि हॅन्सनला होकार दिला.

उरलेल्या निम्म्याचं काय, हे उल्हासनं विचारायच्या आतच तिनं सांगून टाकलं. इन्कम टॅक्सची कामं करणारा कोपऱ्यावरचा म्हातारा दोन वर्षं तिला जानेवारी ते एप्रिल ये म्हणत होता. बी.कॉम. काही पापड लाटायला केलं नव्हतं.

मिनी बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता. पद्मजा तिच्याकडे न बघता म्हणाली, “क्लबची जानेवारीपासूनची फीसुद्धा भरायचीय.”

“लास्ट सीझन म्हणाली होतीस.”

“पहिल्या अकरांत यायचं तर हिवाळाभर घरी बसून कसं चालेल?”

मिनीनं आईकडे निरखून पाहिलं. त्याच घरात वाढलेली पोरगी ती.

“आणि?”

“आणि काय?”

“तू अशी एकदम हो म्हणत नाहीस कधी. तुला यातून काय हवंय?”

प्रश्न रास्त होता. पद्मजानं फोनची गुंतलेली वायर सोडवायला घेतली.

“सगळे शनिवार मी त्या माणसावर नजर ठेवण्यात घालवले,” ती म्हणाली. “तू खेळतेस कशी, ते मी अजून पाहिलेलंच नाही.”

आई खरं सांगतेय की नाही, ते ताडत मिनी तिथेच उभी राहिली.