साडेतीन मिलिमीटर

“साडेतीन. गेल्या सोमवारी तीन होती. पितेय, दिवसभर पितेय बाई, आणि वर मलाच विचारते, कैऱ्या हव्यात का म्हणून.”

शैलेंद्र भिंतीशी बोलत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर पोळ्या लाटत होते, पण मला सांगायचं नसलं की ते भिंतीला सांगतात. हातात फीलर गेज. म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, जिची जाडी फटीत बरोबर बसेल ती पट्टी म्हणजे फटीचं माप. आधी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहून, मग या घरातून, सदतीस वर्षं त्यांनी कारखान्यात असल्या फटी मोजल्या, माल पास केला किंवा परत पाठवला. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला ही एकच फट उरली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली, थेट सिलिंडरमागे गेलेली.

बाई म्हणजे आमच्या शेजारच्या सिंधूताई. घरं दोन, मधली भिंत एकच. अयोध्या नगरात हा प्लॉट आम्ही दोन कुटुंबांनी मिळून घेतला त्याला चोवीस वर्षं झाली. त्यांचे नीळकंठराव उज्जैनचे, शाळेत गणित शिकवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तीन वर्षांमागे सिंधूताईंची जुनी बोअर आटली म्हणून त्यांनी पाचशे फुटांची नवी घेतली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या भिंतीत ही भेग दिसली. आमच्या तपासनिसांना एवढा पुरावा पुरला. बाईंनी जमिनीतलं पाणी ओढलं, जमीन बसली, भिंत फाटली.

मग सुरू झालं ते सगळं सांगायला मला लाजच वाटते. मोटर किती वाजता चालू झाली, किती वाजता बंद, हे शैलेंद्र कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागले. सिंधूताईंना कुठून तरी कळलं. कसं कळलं यावरून घरात माझ्याकडे दोन दिवस तिरक्या नजरेनं बघणं झालं. मग त्या मोटर भलत्याच वेळी चालवू लागल्या. गच्चीच्या जाळीवर जुनी चादर बांधली गेली. मी शंकरपाळे घालून दिलेली वाटी धुऊनपुसून, रिकामी परत आली. चोवीस वर्षांत आमच्यात वाटी रिकामी गेली नव्हती, कधी काही नसलं तर चार दाणे साखर तरी असायची.

आणि हे सगळं चालू असताना आमचा कूलर भरायचा तो सिंधूताईंच्याच बोअरच्या पाण्यानं. कुंपणावरून त्यांचा पाइप इकडे यायचा, अजूनही येतो. त्या कूलरसमोर बसून शैलेंद्रनी नगर निगमला द्यायचा अर्ज लिहिला, शेजारची बोअर सील करावी म्हणून. मी चष्मा शोधायच्या निमित्तानं तो वाचला. फार व्यवस्थित होता.

नळाला आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, आणि सिंधूताईंच्या टाकीपर्यंत ते चढतच नाही. बोअर गेली तर त्यांना यशकडे, मुलाकडे, बंगलोरला जावं लागणार. तिथे त्यांच्यासाठी बाराव्या मजल्यावर एक खोली तयार आहे. ती खोली किती छान आहे हे त्या मला दर महिन्याला सांगतात, दातांच्या डॉक्टरबद्दल सांगावं तसं.

शैलेंद्रना त्यांचा संशय होता, त्यांना आमचा. मला माझ्याच नवऱ्याचा होता. मला वाटायचं, यांना खरं कारण माहीत आहे. कारण मला माहीत होतं.

पाया भरला तो अक्षय्य तृतीयेला. मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांपर्यंतचा, गुरुजी येऊन बसलेले, मिक्सर भाड्यानं आणलेला. चर चार फूट खोल झाला होता आणि खाली अजून काळी मातीच. ठेकेदार म्हणाला, साहेब, और ढाई-तीन फुट जाने दो, मुरूम लगेगा. मुरूम म्हणजे खालचा पिवळट कडक थर, त्याच्यावर टेकलेलं घर हलत नाही. पण त्याला आणखी एक दिवस लागला असता आणि मुहूर्त गेला असता. मुहूर्त गाठायची घाई सगळ्यांत जास्त मला होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं असं मला वाटत होतं. तेव्हा नीळकंठराव म्हणाले, शैलेंद्रराव, यातलं आम्हाला काय कळतंय, तुम्ही इन्स्पेक्टर, तुम्ही बघून सांगा. हे चरात उतरले. खिशातून कारखान्यातली लहान हातोडी काढली. ओतीव लोखंडाला आतून तडा आहे का ते ठोकून, आवाज ऐकून ओळखायची ती हातोडी. तिनं मातीवर ठोकलं. वैशाखातली काळी माती दगडासारखी असते, खणखणीत वाजली. “चालेल,” म्हणाले. सिंधूताई आणि मी वर कडेला उभ्या होतो, कलश घेऊन.

आणि चाललंही की वीस वर्षं. बारावीनंतर माझं शिक्षण रद्दीतल्या पुस्तकांवर झालं, त्यामुळे मातीबद्दल मी अधिकारानं बोलू नये. पण मागचं अंगण मला कळतं. पूर्वी उन्हाळ्यात त्याला केसासारख्या भेगा पडायच्या आणि जूनअखेर पावसाची झड लागली की मिटायच्या. आता मार्चपासूनच जमीन उलते. यंदा एका भेगेत कपड्यांचा चिमटा पडला, तो काढायला खराट्याची काडी घातली तर अख्खी काडी आत गेली तरी तळ लागेना. आणि पाऊस येतो तो महिन्याचा एका दुपारी कोसळतो, पुन्हा तीन आठवडे ऊन. भिंतीतली भेग जूनमध्ये रुंदावते, ऑगस्टमध्ये आवळते, हे मी बघत होते. सिंधूताईंच्या मोटरचा आणि तिचा काही मेळ बसत नव्हता. बघत होते आणि पोळ्या लाटत होते.

अर्जाला तज्ज्ञाचं पत्र जोडायचं म्हणून शैलेंद्रनी रेवतीला बोलावलं. त्यांच्या कारखान्यातल्या केशवरावांची ही मुलगी, इंजिनिअरिंग कॉलेजात मातीचाच विषय शिकवते. जूनच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ती हातानं फिरवायचं लांब गिरमिट घेऊन आली. जे काही असेल ते समोरासमोर होऊ दे, म्हणून शैलेंद्रनी सिंधूताईंनाही बोलावून घेतलं. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या, कोर्टात यावं तशा, आणि मी दिलेला चहा हातातच धरून बसल्या.

रेवतीनं भिंतीजवळची माती काढून कागदावर ओळीनं मांडली. वरची ढेकळं, खालची चिकट. ती बोलायला मोकळी होती. म्हणाली, काका, ही माती म्हणजे लाव्हाचा दगड झिजून झालेली. झिजायला लाखो वर्षं लागली असतील, पण फुगायला हिला दोन दिवस पुरतात. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. पूर्वी ओल सावकाश यायची, सावकाश जायची, वरवरचे तीन-चार फूट काय ते हलायचे. आता उन्हाळा लांबतो, तेव्हा ती फार खोलवर सुकते, आणि मग एकदम भिजते. तिच्याकडे या वर्षी अशी अकरा घरं आली होती. त्यांतल्या सात घरांत आधी शेजाऱ्याशी भांडण झालं होतं.

“आणि बोअर?” शैलेंद्रनी विचारलं.

पाचशे फुटांची बोअर खडकाच्या फटींतलं पाणी ओढते, वरच्या मातीशी तिचा संबंध फारसा येत नाही, असं ती म्हणाली. तरी एकदम नाही म्हणणार नाही. मग तिनं वही उघडली.

“पाया किती खोल आहे, काका? मुरमापर्यंत गेलाय ना?”

सिंधूताई चहाकडे बघत होत्या. मी सिंधूताईंकडे बघत होते.

“साडेसहा फूट,” शैलेंद्र म्हणाले.

रेवतीनं लिहून घेतलं. पेन जरा थांबलं. साडेसहा असेल, मुरमात टेकला असेल, तर एवढं हलायला नको होतं, म्हणाली. मग मला दुसरं कारण धरावं लागेल. पाइपगळती दिसत नाही. तसं झालं तर पत्रात बोअरचा उल्लेख करावा लागेल, बंद ठेवून एक वर्ष बघा, असं काहीतरी.

आता सिंधूताई बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी बोलावं, मला बोलायला लागू नये, असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांना फक्त एक वाक्य म्हणायचं होतं आणि बोअर वाचत होती. त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला.

“लिही बेटा,” त्या रेवतीला म्हणाल्या. “भाऊजी सांगतात तर साडेसहाच असेल. त्या दिवशी चरात तेच उतरले होते, आम्हाला काय कळतंय. माझं काय, यशकडे खोली आहे. छान आहे.”

रेवतीनं मान हलवली आणि लिहायला लागली. दोन ओळी झाल्या. शैलेंद्र तिच्या पेनाकडे बघत होते, आणि एकदम मला दिसलं की ते अक्षरं वाचत नाहीयेत. हात सदऱ्याच्या खिशावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. मी पदराचं टोक मुठीत धरलं. “अहो,” एवढंच माझ्या तोंडून आलं, तेही अर्धं.

“थांब, रेवती,” ते म्हणाले. “खोड ते.”

रेवतीनं वर पाहिलं. ते मात्र सिंधूताईंकडे वळले होते. कितीतरी महिन्यांनी सरळ त्यांच्याकडे.

“चार फूट. खाली काळी मातीच होती, मुरूम लागलाच नव्हता. ठेकेदार नको म्हणत होता. नीळकंठरावांनी मला विचारलं, वहिनी, आणि चालेल असं मी म्हणालो.”